हॉलमध्ये दहा मीटरची रेंज बसेल का?

प्रश्न : सातपूरला आमचा 45 फुटी हॉल रिकामा पडलाय, तिथे मुलांसाठी एअर रायफलची रेंज करायचा विचार करतेय, जमेल का?

उत्तर : ताई, लांबी पुरतेय. फायरिंग लाइनपासून, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या रेषेपासून, टार्गेटपर्यंत 10 मीटर म्हणजे जवळजवळ 33 फूट, मागे कोच आणि सामानाला बाकीची जागा उरते, टार्गेटचा मध्य नेमबाज उभा राहतो त्या जमिनीच्या पातळीपासून 1.4 मीटर उंचीवर ठेवा आणि प्रत्येकाला निदान 1 मीटर रुंदी द्या. पण खरा जीव लाइटमध्ये आहे, टार्गेटवर किमान 1500 लक्स (उजेड मोजायचं एकक) हवेत आणि सावली, चमक अजिबात नको, कारण रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो! टार्गेटच्या बाजूला दार-खिडकी असेल तर कायमची बंद करा, तिथे तडजोड नकोच.