पुडीतल्या गोळीचं नाव विचार

"ताई, मी चोपडा तालुक्यातली, वय 27. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून दिवस राहत नाहीत. पाळी मात्र वेळेवर येते. कापूस वेचून कंबर मोडते म्हणून मेडिकलवरून रोज दुखण्याची गोळी आणते. आशाताई म्हणाल्या, त्यानं हार्मोन बिघडतात. खरं का? घरात सगळे मलाच बोलतात."

बहिणी, तुझी काही चूक झालेली नाही. दिवसभर वाकून वेचणी केली की रात्री कंबर जमिनीला टेकत नाही, हे मी आईला बघून शिकले.

आशाताईंच्या बोलण्यात तथ्य आहे. स्त्रीबीज अंडाशयात पाण्याच्या एका छोट्या फुग्यात वाढतं. तो फुटला तरच बीज बाहेर येतं, आणि फुटायला प्रोस्टाग्लँडिन हे रसायन लागतं. दुखणं, सूज वाढवणारंही तेच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत. कंबर हलकी होते, पण बीज आतच अडकू शकतं. तरी तो फुगा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवत राहतो, म्हणून पाळी येते आणि कुणाला शंकाही येत नाही.

2015 मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी पाठदुखीच्या 39 बायकांचा अभ्यास मांडला. पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांत जेमतेम 6 टक्के जणींचं बीज सुटलं. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या सगळ्यांचं सुटलं. डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांचं प्रोजेस्टेरॉनही उतरलं होतं. अभ्यास लहान आहे, पण मला तो दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. दिलासा हा, की हा परिणाम गोळी थांबली की ओसरतो.

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोटदुखीसाठी घेतलेल्या गोळीची एवढी धास्ती नको. बीज त्यानंतर, पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. तुझी अडचण रोजच्या गोळीची आहे, तीही कागदाच्या पुडीतली असेल तर नाव कळणार कसं? गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून घे. पॅरासिटामॉलसोबत डायक्लोफिनॅक मिसळलेल्या गोळ्याही मिळतात. फारच दुखलं तर नुसती पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून.

पण सगळा दोष गोळीवर टाकून बसू नकोस. तीन वर्षं झालीत, तपासणी दोघांची हवी. नवऱ्याची वीर्यतपासणी आधी होऊ दे, ती सोपी आहे. तुझी सोनोग्राफी करून बीज सुटतं का ते पाहता येतं. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोघं मिळून जा. जाताना उरलेल्या गोळ्या पुडीसकट सोबत ने आणि किती दिवसांपासून घेतेस ते डॉक्टरांना सांग.