चष्मा काढताच डोळा आत वळतो

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जेवताना किंवा चित्रांचे पुस्तक पाहताना तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत औषध घालून तपासणी केली आणि उजव्या डोळ्याला प्लस ४.५ व डाव्याला प्लस ५.५ असा नंबर देऊन दिवसभर चष्मा लावण्यास सांगितले. चष्म्यात डोळे सरळ दिसतात, पण तो काढला की डोळा पूर्वीपेक्षाही जास्त आत जातो. तिला तांदळातला खडासुद्धा दिसतो, त्यामुळे सासूबाईंचा चष्म्याला विरोध आहे. वयाबरोबर डोळा आपोआप सरळ होईल, असे त्या म्हणतात. चष्म्यानेच तिरळेपणा वाढतो आहे का? शस्त्रक्रिया करून घ्यावी का?
— एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीचा चष्मा हाच तिच्या तिरळेपणावरचा उपचार आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंग फुगते आणि त्याच वेळी दोन्ही डोळे आत वळतात. या दोन क्रिया एकमेकींशी जोडलेल्या असतात. एक हात अंतरावरील पुस्तक पाहण्यासाठी निर्दोष डोळ्याला साधारण २ ते ३ नंबरांइतका जोर लावावा लागतो, तर तुमच्या मुलीला प्लस नंबरमुळे त्यावर आणखी साडेचार-पाच नंबरांचा जोर लावावा लागतो. लहान वयात भिंग अतिशय लवचिक असल्याने तिला तो लावता येतो व खडा दिसतोही, मात्र त्या जोराबरोबर डोळाही गरजेपेक्षा जास्त आत ओढला जातो. चष्म्याने हा जोर वाचतो, म्हणून डोळे सरळ राहतात. चष्मा काढल्यावर ती पुन्हा जोर लावते आणि डोळा वळतो. सरळ डोळे पाहण्याची तुम्हाला आता सवय झाल्यामुळे तो अधिक वळल्यासारखा भासतो. चष्म्याने तिरळेपणा वाढल्याची ही खूण नव्हे.

सासूबाईंच्या म्हणण्याला थोडा आधार आहे. नाकाचा पूल रुंद असलेली तान्ही बाळे तिरळी नसतानाही तशी दिसतात आणि पुढे तो भास जातो. तुमच्या मुलीचा तिरळेपणा मात्र खरा आहे व तिच्या बाबतीत वाट पाहणे महागात पडेल, कारण दोन प्रतिमा दिसू नयेत म्हणून मेंदू वळलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डाव्या डोळ्याचा नंबर जास्त असल्याने तो आळशी होण्याचा, म्हणजे त्याची नजर कमी राहण्याचा, धोका अधिक आहे, आणि ही दृष्टी वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत जितकी सहज परत मिळवता येते, तितकी नंतर येत नाही. काही आठवडे चष्मा लावूनही डावी नजर कमी राहिली, तर डॉक्टर उजव्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतील. डोळ्याचा आळशीपणा मध्यम प्रमाणात असल्यास रोज २ तास पट्टी लावल्यास ६ तासांइतकाच लाभ होतो, असे अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. तरी तास डॉक्टरांनीच ठरवावेत.

चष्म्याने डोळे पूर्ण सरळ राहत असतील, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न उद्भवत नाही. शस्त्रक्रियेने नंबर जात नाही, उलट पुढे डोळा बाहेर वळण्याची भीती राहते. चष्मा लावूनही काही तिरळेपणा उरला, तर तेवढ्यापुरती शस्त्रक्रिया करतात. प्लस नंबर वयाच्या सात-आठ वर्षांनंतर अनेक मुलांत हळूहळू उतरतो, पण चष्मा पूर्ण सुटेलच, असे वचन कोणी देऊ नये.

चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हवा. अभ्यासापुरता लावणे पुरेसे नाही. काचा न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या घ्याव्यात आणि मागे पट्टा बांधावा. चष्मा घसरून मुलगी त्याच्या वरून पाहू लागली, तर तो न लावल्यासारखाच आहे, म्हणून फ्रेम दुकानात नेऊन बसवून घ्यावी. बालवाडीच्या बाईंनाही हे सांगून ठेवावे. चष्मा नीट बसलेला असतानाही डोळा आत वळताना दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तिला डॉक्टरांना दाखवावे.