बूट रुंदीला बसतो का, असं बघा

करंगळीकडे बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. लांबी वाढते, टाच आत-बाहेर सरकते आणि बूट चवड्याला भलत्याच जागी दुमडतो. त्यापेक्षा आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. पाय कडेने बाहेर ओघळला, तर तो बूट अरुंदच. हे संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय तपासा. मोठ्या पायाचं माप धरा. रुंदीची अक्षरंही बघा: पुरुषांत डी नेहमीची, २ई रुंद, ४ई त्याहून रुंद; बायकांत मात्र बी नेहमीची, डी रुंद. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणतोच. चामडं थोडं सैलावतं, सोल नाही.