इंग्रजी 'थ्रोन' या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो आधीपासून राजाच्याच आसनाला वापरत होते का?

नाही. मूळ ग्रीक शब्द 'थ्रोनोस'. पाठ टेकता येईल अशी उंच, भारदस्त खुर्ची, एवढाच त्याचा अर्थ. राजे त्यावर बसत, पण ती त्यांची मक्तेदारी नव्हती.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. देवी अथेना वेश पालटून राजा ओडिसियसच्या वाड्यावर येते. त्याचा मुलगा टेलेमाकस तिला ओळखत नाही. त्याच्या लेखी दारात एक परका माणूस ताटकळत उभा आहे. तरी तो लगबगीने पुढे होतो, पाहुण्याला आत नेतो, नक्षीदार थ्रोनोसवर कापड अंथरून बसवतो. पाय ठेवायला खाली पाटही असतो. स्वतः मात्र शेजारी 'क्लिस्मोस' म्हणजे हलकी खुर्ची घेऊन बसतो. राजाचा मुलगा हलक्या खुर्चीवर आणि अनोळखी पाहुणा थ्रोनोसवर! म्हणूनच भाषांतरात इथे 'सिंहासन' वाचलं की मला खटकतं.

आणखी मागे गेलं तर गंमत आहे. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द 'धरून ठेवणे, आधार देणे' या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. संस्कृतातला 'धृ' त्याच धातूतून आला. म्हणजे आपलं 'धरणे', 'आधार', अगदी 'धर्म'सुद्धा थ्रोनच्या भावकीतले. मूळच्या 'ध'चा ग्रीकमध्ये 'थ' होणं नेहमीचंच. संस्कृत 'धूम' आणि ग्रीक 'थुमोस' ही तशीच जोडी.

ग्रीकमधून लॅटिन, तिथून जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी, असा पुढचा प्रवास. इंग्रजीत तो १२०० च्या सुमारास आला तेव्हा 'ट्रोन' होता, स्पेलिंगमध्ये एच नव्हता. पुढे लॅटिनकडे बघून तो घालण्यात आला आणि उच्चारही बदलला. इंग्रजीतल्या सुरुवातीच्या वापरात हे आसन स्वर्गातल्या देवाचं असे. राजाच्या आसनाला हा शब्द लागला तो १३०० च्या आसपास.

आज थ्रोन म्हणजे राजपदच. वस्तूच्या नावाने सत्ता ओळखली जाणं आपल्याला नवीन नाही. फारसी 'तख्त' म्हणजे बसायची किंवा निजायची चौकी आणि 'गादी' तर घरोघरी असते. जन्मापासून थाटात आहे ते 'सिंहासन'. त्याच्या नावातच सिंह आहे.

बाकी रोजच्या इंग्रजीत लोक थट्टेने कमोडलाही थ्रोन म्हणतात, तेव्हा कुठे वाचलंत तर संदर्भ बघूनच अर्थ लावा.