वेबसाईट क्रोममध्ये नीट दिसते पण आयफोनवर मोडते. प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) लिहायची का?

नाही. अजिबात नाही. ज्यानं कुणी तुम्हाला हे सांगितलं तो अजून इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात राहतोय, आणि ते मायक्रोसॉफ्टनं स्वतःच २०२२ च्या जूनमध्ये बंद केलं.

तुमच्या तक्रारी दोन. खानापूरच्या क्लासची साईट केली, लॅपटॉपवर क्रोममध्ये झकास, पण आयफोनवर खालचं 'प्रवेश घ्या' बटण गायब, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये मेनू दोन ओळींत जातो. दोन्ही मी भोगलंय, तेही दाजींबरोबर, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आमच्या दाजींचा बेळगावातल्या शहापूरला छापखाना. लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांचे फ्लेक्स. २०२१ च्या दिवाळीआधी त्यांनी एका कुंदावाल्याचं, म्हणजे कुंदा विकणाऱ्या मिठाईवाल्याचं, काम आणलं. मराठी आणि कन्नड दोन्हीत साईट, किलोचा आकडा निवडायचा, बटण दाबलं की ऑर्डर व्हॉट्सॲपवर. काम मी करायचं, गिऱ्हाईक त्यांचं, पैसे निम्मे. अक्का तेव्हाच म्हणाली होती की घरातल्या माणसाबरोबर धंदा नको, पण ऐकतंय कोण.

दाजींचं म्हणणं एकच. हजार हँडबिलं छापली की हजार सेम निघतात, मग तुझी साईट दहा फोनवर दहा तऱ्हेची का दिसालीय? मी पाठवलेले स्क्रीनशॉट ते ए-फोरवर छापायचे, त्यावर स्टीलची पट्टी ठेवायचे आणि लाल पेनानं खुणा करून मला परत द्यायचे. 'लोगो दोन मिलीमीटर खाली आलाय.' मिलीमीटर! मी म्हटलं दाजी, सीएसएसमधलं फ्लेक्स वापरलंय, जागा असेल तसं ते आकार घेतं, तर म्हणाले, 'फ्लेक्स मला शिकवालास होय? गावभर फ्लेक्स कुणी लावल्यात?' आता ह्याच्यावर काय बोलणार.

त्यात त्यांची अट, सगळं एकाच स्क्रीनवर बसलं पाहिजे, खाली सरकवायला लागता कामा नये, कारण हँडबिल कधी दोन पानी नसतं. मी वैतागून केलं. सगळ्या पानाला पोझिशन फिक्स्ड, म्हणजे पान जागेवर खिळलेलं, हाइट १००व्हीएच (100vh), बटण तळाला. क्रोमच्या मोबाईल मोडमध्ये बघितलं, एकदम चपखल. दाजींनी प्रिंट काढली, पट्टी लावली, आणि छापखान्यात प्रूफवर करतात तशी खाली सही ठोकली, ओके म्हणून.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कुंदावाल्याच्या पुण्यातल्या सुनेचा फोन. 'अहो, एक किलोवर टिक केलं, पुढं काय करायचं? बटणच नाही.' तिच्याकडे आयफोन. आमच्या घरात आयफोन कुणाकडेच नाही. अनगोळच्या एका मित्राकडे जुना आयफोन ६ होता, काच फुटलेला, तो रात्री साडेदहाला जाऊन आणला.

झालं होतं असं. १००व्हीएच म्हणजे दिसणाऱ्या स्क्रीनएवढी उंची असं आपण धरून चालतो. फोनवर तसं नसतं. ॲड्रेसबार आक्रसल्यावर जेवढी जागा मोकळी होते, त्या मोठ्या जागेवरून ती मोजली जाते. पान उघडतं तेव्हा बार पसरलेला असतो, म्हणजे आपलं पान स्क्रीनपेक्षा उंच, आणि तळाचं बटण सफारीच्या, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरच्या, खालच्या पट्टीमागे. सरकवून वर आणावं तर पोझिशन फिक्स्ड, सरकणार कसं? आणि मजा म्हणजे अँड्रॉइडवरही ते कापलं जातच होतं, फक्त बटणाचा वरचा काठ बाहेर राहत होता आणि लोक बिचारे त्या काठावर बोट मारून ऑर्डर देत होते, म्हणून आम्हाला पत्ता नाही. लॅपटॉपवरच्या मोबाईल मोडमध्ये ॲड्रेसबार नसतोच, तिथं हे कधीच दिसणार नाही. तुमचं बटणही बहुतेक इथंच गेलंय, कोड न बघता एवढंच सांगतो.

त्या आयफोन ६ वर अजून एक निघालं. 'अर्धा किलो' आणि 'एक किलो' हे दोन डबे एकमेकांना चिकटलेले. मी त्यांच्यात सीएसएसचा गॅप (डब्यांमधलं अंतर) दिला होता, पण फ्लेक्समधला गॅप सफारीत २०२१ च्या एप्रिलमध्ये आला, आणि तो फोन आयओएस १२ च्या पुढं जातच नाही. सफारी तिथं फोनच्या सिस्टिमबरोबरच अपडेट होतो, सुटा नाही. आणि 'सपोर्ट्स' लावून, म्हणजे ब्राउझरला गॅप येतो का असं सीएसएसमधूनच विचारून, तपासावा म्हटलं तर तेही फसवतं, कारण ग्रिड ह्या दुसऱ्या मांडणीतला गॅप त्या जुन्या सफारीला येत असतो, म्हणून तो होय म्हणून मोकळा होतो. शेवटी साधं मार्जिन दिलं.

सफारी आतून तपासायला मॅक लागतो, तो कुठला आणायचा. म्हणून मी सगळ्या घटकांना लाल आउटलाइन लावून बघत बसलो. बॉर्डर लावू नका, बॉर्डर स्वतः जागा खाते आणि लेआउट हलतो, आउटलाइन हलवत नाही. पहाटे दोनला फिक्स्ड आणि १००व्हीएच दोन्ही उडवलं, पान सरकू दिलं, बटण किमतीच्या खाली जिथं नैसर्गिक येतं तिथं ठेवलं. सकाळी सुनेची ऑर्डर आली, दोन किलो. दाजी बघून म्हणाले, 'पान लांब झालं की.'

आता मेनूचं. फायरफॉक्सची चूक नाही, बहुतेक फॉन्टची आहे. तुम्ही फॉन्ट सांगितला नसेल तर प्रत्येक मशीन आपापला घालतं, विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो, आयफोनचा आणखी तिसरा, आणि तिन्हींची रुंदी वेगळी. आमच्याकडे तर मराठीत 'संपर्क' तीन अक्षरांत आटपतं, कन्नडमध्ये तेच 'नम्मन्नु संपर्किसि'. मेनूला मी पट्टीनं मोजून उंची दिली होती, म्हणजे दाजींनी, तर म्म आणि न्नु चे खाली लोंबणारे ओत्ताक्षर (कन्नड जोडाक्षराचा खालचा भाग) कापले गेले. कन्नड येणारं गिऱ्हाईक हसलं. दुकानाच्या नावात हँडबिलासारखी लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) हवी म्हणून ती घातली तर मराठीची शिरोरेषाच तुटली, एकेक अक्षर सुटं. पाटीवर कुठली भाषा किती ह्या आपल्याकडच्या वादात मी पडत नाही, पण साईटवर दोन्हींना श्वास घ्यायला जागा पाहिजे. मेनूची उंची काढा, फक्त पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या, लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास, दोन्ही लिपींचा वेबफॉन्ट, म्हणजे साईटबरोबरच येणारा फॉन्ट, स्वतः जोडा, आणि तरी दोन ओळींत गेला तर जाऊ दे. दोन ओळींचा मेनू बघून क्लासची ॲडमिशन कुणी रद्द करत नाही.

बटणाला आज सोपं आहे. मिन-हाइट १००व्हीएच लिहा, त्याच्याच खालच्या ओळीत १००एसव्हीएच (100svh, बार पसरलेला असतानाच्या लहान जागेची उंची) लिहा. नव्या ब्राउझरला खालची कळते, जुना ती न कळता सोडून देतो आणि वरची धरतो. सीएसएसचा स्वभावच तसा आहे, म्हणून तर ब्राउझरगणिक वेगळी फाईल लागत नाही. डीव्हीएच नावाचंही एक आहे, पण बार आत-बाहेर झाला की त्यावर पान उड्या मारतं, मला आवडत नाही. आणि 'आयफोनवर पण क्रोमच वापरा' असं पालकांना सांगू नका, आपल्याकडच्या आयफोनवरचा क्रोम आतून सफारीचंच वेबकिट इंजिन आहे.

हां, आधी फाईलच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप (पान आजच्या नियमांनी दाखव असं ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का ते बघा, नसेल तर वरचं सगळं बाजूला, आधी ते घाला. आणि ब्राउझरचे खरे बगही असतात, नाही असं नाही, पण माझ्या कामात दहातले नऊ वेळा मीच कुठंतरी उंची कोंडलेली असते. पैसे कापण्याचं पान असेल तर मात्र खऱ्या आयफोनवर स्वतः एक व्यवहार करून बघितल्याशिवाय सोडू नका.

दाजी अजून सांगतात की ती साईट माझ्यामुळे बिघडली. दाजी, हे वाचत असाल तर तो ए-फोर कागद माझ्या ड्रॉवरात आहे. १००व्हीएचवालाच. खाली लाल पेनानं ओके आणि तुमची सही.