वाचक विचारतात : गैरयहुद्यांचं लग्न आणि यहुदी धर्मशास्त्र

प्रश्न : आमचं लग्न वैदिक पद्धतीने झालं. यहुदी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते लग्न ठरतं का?

उत्तर : नक्कीच ठरतं. घोटाळा होतो तो ‘किद्दुशीन’मुळे. दोन साक्षीदारांसमोर वराने वधूला अंगठी देण्याचा हा विधी फक्त यहुदी वधूवरांनाच लागू आहे. पण म्हणून इतरांच्या लग्नाला किंमतच नाही, असं समजणं साफ चूक. सगळ्या मानवजातीवर बंधनकारक असलेल्या, बायबलमधल्या नोहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ७ आज्ञांत परस्त्रीगमनाचा निषेध येतो. यहुदी पुरुषालाही गैरयहुद्याची पत्नी वर्ज्यच आहे.

मात्र हे लग्न सप्तपदीने किंवा नोंदणीने लागत नाही. पती-पत्नी म्हणून एकत्र राहून शरीरसंबंध आला, की स्त्री विवाहित ठरते. नुसते विधी उरकले असतील, तर तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या मते ती अजून विवाहित नाही.

सुटकाही तितकीच साधी. बाराव्या शतकातला धर्मशास्त्री मायमोनिदीस सांगतो, की गैरयहुद्यांत लेखी घटस्फोट नाही; नवऱ्याने बायकोला कायमचं घराबाहेर पाठवलं किंवा ती आपणहून निघून गेली, की लग्न संपलं. यहुदी स्त्रीला मात्र ‘गेट’ हे घटस्फोटपत्र हाती पडेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. केलंच, तर त्या मुलांवर ‘मामझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातून झालेलं मूल, हा शिक्का बसतो आणि त्यांना बहुतेक यहुद्यांशी लग्न करता येत नाही. १९६०च्या दशकात इस्राएलच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांच्या विवाहांवर शंका घेतली, त्यामागे हीच भीती होती. अख्ख्या समाजाला त्याचा फार मनस्ताप झाला.

प्रश्न : नवरा-बायको दोघांनीही यहुदी धर्म स्वीकारला तर?

उत्तर : धर्मांतरित व्यक्ती नवजात बालकासारखी मानतात, त्यामुळे जुनं लग्न आपोआप संपतं, गेट लागत नाही. हुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, पुन्हा लग्न करावं लागतं. त्याआधी ९० दिवस वेगळं राहायचं, म्हणजे गर्भ धर्मांतराआधीचा की नंतरचा हे स्पष्ट होतं. केतुबात, म्हणजे विवाहकरारात, प्रथमवधूसाठीच्या २०० झूझ (प्राचीन चांदीची नाणी) ऐवजी १०० झूझ लिहितात. अंगठी वराच्या स्वतःच्या मालकीची हवी. साक्षीदार वधूवरांचे किंवा एकमेकांचे जवळचे नातलग नकोत; इथेच चुका होतात आणि किद्दुशीन बाद ठरतं.

दोघांपैकी एकालाच धर्मांतर करून संसार तसाच चालू ठेवायचा असेल, तर सनातनी यहुद्यांचं बेथ दीन, म्हणजे धर्मन्यायालय, सहसा धर्मांतरच देत नाही, कारण यहुदी आणि गैरयहुदी यांचा विवाह हलाखा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, मानत नाही.