१९६ ही संख्या उलटवून बेरीज करत गेलो, तर कधीतरी दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या मिळते का?

आजवर मिळालेली नाही, आणि कधीच मिळणार नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. ८७ घ्या: ८७+७८=१६५, मग ७२६, १३५३, ४८८४. चार पायऱ्यांत काम झालं. ८९ ला २४ पायऱ्या लागतात, पण तीही शेवटी ८८१३२०००२३१८८ ला पोचते. १९६ मात्र ८८७, १६७५, ७४३६ अशी वाढतच जाते. संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत पाठलाग केला तरी हाती काही लागलं नाही. अडचण हातच्याची आहे: तो बेरजेतली सममिती मोडतो, आणि पुढे कुठे मोडेल याचा नियम सापडत नाही. एक लक्षात घ्या, हे कोडं आपल्या दशमान पद्धतीपुरतं आहे. द्विमान पद्धतीत १०११० (म्हणजे २२) कधीच तशी होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.